म्हाताऱ्या बैलाचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात माणदेशातल्या एका आठवडी बाजारात दिवसभर बसून होतो. कार्यकर्त्याने अधूनमधून बाजारात जाऊन नुसते बसावे, भाषण करू नये, असे माझे मत आहे. मेळाव्यात माणूस पुढाऱ्याला आवडेल ते बोलतो, बाजारात खरे बोलतो.

शेजारी खटाव तालुक्यातले एक आबा बसले होते. साठीच्या पुढचे. दावणीला एकच बैल, खिलार, तेराचौदा वर्षांचा. शिंगे अजून डौलदार, पण दात झिजलेले आणि मागचा पाय ओढत होता. सकाळपासून गिऱ्हाईक येई, तोंड उघडून दात बघे आणि काही न बोलता पुढे जाई. दुपारी एकाने टॉवेलाखाली हात घातला, तोही लगेच बाहेर काढला. मी विचारले, "आबा, जोडीतला दुसरा कुठाय?"

"लंपीत गेला."

"भरपाई?"

"मिळाली की. खोटं कशाला बोलू? पंचवीस हजार जमा झालं खात्यावर." मग बैलाकडे बघत म्हणाले, "मेलेल्या बैलाचं सरकारनं पंचवीस हजार दिलं. ह्यो जित्ता हाय, ह्येला पाच हजाराला कोण इचारंना. ह्यो बी त्याच साथीत गेला आस्ता तर..." वाक्य त्यांनी तोडले. उठून बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तोच हात कपाळाला लावला. जरा वेळाने मला म्हणाले, "तुमी शेतकीचं शिकल्यालं. ह्या बैलाचं आता काय करायचं, त्ये तुमच्या पुस्तकात लिवलंय का?"

नाही. पुस्तकात नाही. चार वर्षे कृषी महाविद्यालयात घालवली. पशुसंवर्धनाच्या तासाला गाभण गाईला खुराक किती, वासराला चीक कधी, हे सगळे शिकलो. बैल म्हातारा झाल्यावर शेतकऱ्याने काय करायचे, या प्रश्नाला एक ओळसुद्धा नव्हती. सरकारच्या योजनांच्या पुस्तिकेतही ती नाही. जनावर घेण्याच्या योजना गठ्ठ्याने आहेत. जनावर दावणीवरून काढायचे कसे, हे मात्र फक्त पोलीस ठाण्यात समजते.

आधी कायद्याचे बघू, कारण त्याबद्दल आपल्या बैठकांत अर्धवट माहितीवर खूप वाद होतात. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६ चा, अंमल १९७८ पासून. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू मात्र शेतीला, ओढकामाला किंवा पैदाशीला उपयोगाचा राहिला नाही, असा दाखला मिळाला तर कापायला परवानगी होती. १९९५ साली युती सरकारने दुरुस्ती विधेयक मंजूर केले आणि बैल-वळूही बंदीत घातले. ते विधेयक राष्ट्रपतींच्या सहीसाठी जवळजवळ वीस वर्षे पडून होते. २०१५ साली सही झाली आणि मार्चपासून अंमल सुरू झाला. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. कत्तलीसाठी विकणे गुन्हा, घेणे गुन्हा, राज्याबाहेर नेणेही गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये बाहेरच्या राज्यातले मांस जवळ बाळगण्याबद्दलचे आणि आरोपीनेच निर्दोषपण सिद्ध करावे असे सांगणारे कलम रद्द केले, पण बैलांवरची बंदी कायम ठेवली. म्हैस आणि रेडा यांना ही बंदी लागू नाही.

न्यायालयांचा विचारही कसा फिरला बघा. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की निरुपयोगी झालेल्या बैलाच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणे योग्य नाही, कारण वैरण मुळात कमी आहे. २००५ साली गुजरातच्या कायद्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलटा निकाल दिला. म्हातारा बैलसुद्धा शेण-मूत देतो, म्हणून तो निरुपयोगी नव्हेच.

ठीक आहे, शेणाचा हिशेब करू. म्हाताऱ्या बैलाचे शेण कुजून वर्षाला फार तर एक ट्रॉली खत होते. आमच्याकडे ट्रॉलीला साडेतीन-चार हजार धरा. त्याच्या समोर वैरण ठेवा. दिवसाला चार पेंढ्या कडबा, म्हणजे वर्षाला १४६० पेंढ्या. शेकड्याला दोन हजार भाव धरला तर एकोणतीस हजार झाले. पाणी, औषध आणि घरच्या बाईचे राबणे मी धरलेलेच नाही. ते आपण कधीच धरत नाही, ही आपलीही चूक आहे.

माझा भाव पटत नसेल तर सोडा, सरकारचाच भाव घ्या. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपये देण्याचे ठरले. म्हणजे वर्षाला ३६,५०० रुपये. ३० सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने देशी गाईला राज्यमाता जाहीर केले आणि त्याच दिवशी गोशाळांतल्या देशी गाईसाठी रोज पन्नास रुपये अनुदान ठरवले. वर्षाला १८,२५० रुपये. जनावर नुसते उभे ठेवायला किती खर्च येतो हे सरकारला ठाऊक आहे, असा याचा अर्थ. आता त्यातला कमी आकडा घ्या. काम सुटल्यावर बैल सहा वर्षे जगला तर पन्नास रुपये रोजाने एक लाख साडेनऊ हजार होतात. एवढी रक्कम हा कायदा एका कोरडवाहू शेतकऱ्याकडून एका बैलापोटी वसूल करतो. सात-बारावर ती चढत नाही, अंदाजपत्रकात दिसत नाही, तिच्यावर विधानसभेत कधी चर्चा झाली नाही. पण तो करच आहे.

आणि तीच गाय गोशाळेत असली तर पन्नास रुपयांची मानकरी, शेतकऱ्याच्या दावणीला असली तर फुकट. राज्यमाता म्हटल्यावर तिच्यात पत्त्यावरून भेद कसा, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

पूर्वी हा हिशेब कसा बसत होता, ते आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवते. माण, खटाव, आटपाडी, जत भागात खोंड आदत असताना घ्यायचे, घरी वाढवायचे, कामाला लावायचे. दुसा-चौसा झाले की ऊसपट्ट्यातला गिऱ्हाईक चांगल्या पैशाने न्यायचा, कारण कारखान्याच्या गाडीला खिलार लागायचा. जो बैल शेतावरच थकला, तो बाजारात देऊन वर थोडे पैसे घालायचे की नवे खोंड दावणीला यायचे. माझ्या वडिलांनी चार जोड्या अशाच बदलल्या. थकलेला बैल दिला त्या रात्री घरात कोणी नीट जेवत नसे. पुढे तो कुठे जातो हे कोणी विचारत नसे आणि न विचारण्याचा अर्थ प्रत्येकाला कळत होता. कुणी आनंदाने दिला नाही. पण त्या विक्रीतूनच पुढचा बैल यायचा. ती विक्री थांबली आणि पुढचा बैल यायचाही थांबला.

हे माझे अनुमान नाही. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना शेजारी शेजारी ठेवून बघा. देशात गाय-वर्गातल्या माद्या अठरा टक्क्यांनी वाढल्या आणि नर तीस टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर आला हे त्याचे मोठे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच सात वर्षांत शेळ्या दहा टक्क्यांनी आणि मेंढ्या चौदा टक्क्यांनी वाढल्या. शेळीची आरती कोणी करत नाही. तिला राज्याची मावशीसुद्धा कोणी म्हटलेले नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीकडे बघा. बाकदार नाकाच्या त्या जातीच्या मेंढ्याला बाजारात लाखांच्या बोली लागतात आणि धनगर त्याला पोटच्या पोरासारखा जपतो. कारण एकच, त्याला भाव आहे आणि तो विकायची मुभा आहे. ज्या जनावराची विक्री मोकळी, ते वाढले. ज्याला कायद्याने संरक्षण दिले, त्याच्यातला नर दावणीवरून नाहीसा झाला.

शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याची प्रक्षेत्रे कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आणि माण तालुक्यात दहिवडीला आहेत. २०१७-१८ पासून महामेष योजना आली, वीस मेंढ्या आणि एक नर पंचाहत्तर टक्के अनुदानावर. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून शंभर शेळ्यांना दहा लाख, पाचशे शेळ्यांना पन्नास लाखांपर्यंत निम्मे अनुदान आहे. पाचशे शेळ्यांची कुवत असलेला कोरडवाहू ज्वारीवाला आपल्या जिल्ह्यात मला तरी भेटलेला नाही. शहरात बसून शेळीपालन करणाऱ्यांसाठी ते असावे. खरे संशोधनाचे काम आपल्याच जिल्ह्यात फलटणला झाले, आणि ते सरकारी नव्हते. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली काढलेल्या संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली आणि ती धनगरांच्या वाड्यावर नेऊन, त्यांच्याच कळपात चालते की नाही ते पाहिले. मेंढपाळाला कोकरू जास्त मिळावे एवढाच त्यात हेतू होता. म्हणून ते टिकले.

शर्यतींचे उदाहरण घ्या. २०११ साली केंद्राने बैलाला खेळाच्या प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ साली राज्याने आपला कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या काळात खिलार खोंडाचे गिऱ्हाईक गेले. शर्यत सुरू झाली आणि खरसुंडी, पुसेगावच्या यात्रांत खोंडांना पुन्हा बोली लागू लागल्या. देशी गोवंश वाचवायचा म्हणून २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ अभियान आहे. त्याने खिलार किती वाचवला हे पशुसंवर्धन खात्याने सांगावे. शर्यतीने वाचवला हे मी डोळ्यांनी बघितले. शर्यतीत काठी, टोचणी, शॉक यांना बंदी आहे ती योग्यच आहे, आणि ती मोडणाऱ्या आपल्याच पोरांना आपण झाकू नये. तेवढे केले नाही तर बंदी पुन्हा येईल आणि दोष आपला असेल.

आता ज्वारीकडे. माझ्या शिक्षणाचा विषय तोच, म्हणून जरा तपशिलाने सांगतो. १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटके झाले. आम्हांला महाविद्यालयात पिकाचे उत्पन्न म्हणजे हेक्टरी क्विंटल दाणा एवढेच शिकवले. कडब्याला तक्त्यात शेवटचा रकाना असे आणि पुष्कळदा तो कोरा असे. पण माण-जतच्या शेतकऱ्याने रब्बीत मालदांडी सोडली नाही. त्याला अडाणी म्हणणारे आमचे प्राध्यापक मला आठवतात. तो अडाणी नव्हता. भाव पडलेल्या वर्षी ज्वारीचे दाणे मजुरीही सोडवत नाहीत, कडबा सोडवतो, हे त्याला तक्त्याशिवाय समजत होते. पुढे राहुरीच्या विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवतीसारखे वाण काढले आणि त्यात दाण्याबरोबर कडब्याकडेही पाहिले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

म्हणजे ज्वारीचा संसार अर्धा जनावरावर चालतो. दावणी रिकाम्या झाल्या की कडब्याला उरते ते फक्त दूधवाल्याचे गिऱ्हाईक, आणि दूध पडले की तेही जाते. कापूसवाल्याचेही काही वेगळे नाही. सरकीची पेंड जनावरच खाते. शिवाय कोळपणीला, वऱ्हाडात डवरणीला, अजून बैलच लागतो. दोन एकरांच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळवायलाच जागा नसते. बैलजोडी भाड्याने सांगायची म्हटले तर आज गावात दोन-चार उरल्यात आणि त्यांच्या मागे आठवडा-आठवडा फिरावे लागते. वाफसा कुणासाठी थांबत नाही.

दुधाची कथा आपण वेगळ्या बैठकीत घेऊ, इथे एवढेच सांगतो. १९९१ साली दूध धंद्यावरचा परवाना उठला आणि ९ जून १९९२ ला केंद्राने आवश्यक वस्तू कायद्याखाली आदेश काढून दहा हजार लिटरच्या वरच्या डेअऱ्यांना पुन्हा नोंदणी आणि ठरलेले संकलन क्षेत्र लावले. कापसाची एकाधिकार खरेदी भोगलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. एका गावचे दूध एकानेच घ्यायचे, तर भाव कोण वाढवणार? ती क्षेत्राची अट २००२ मध्ये गेली. पण २०११ च्या फेब्रुवारीत दूध पावडरीची निर्यात बंद केली, २०१२ च्या मार्चमध्ये कापसाची. पावडरीचे गोदाम तुंबले की दूध पडते, दूध पडले की आंदोलन होते, आंदोलन झाले की लिटरला पाच-सात रुपये अनुदान. २०२४ साली ते घ्यायचे तर गाईच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला, तिची ऑनलाइन नोंद, आधार जोडलेले खाते, आणि या तिन्हींचे नाव एकमेकांशी जुळलेले. माझ्या परिचयातल्या एका बाईंची गाय नवऱ्याच्या नावावर, दूध त्यांच्या नावावर आणि खाते मुलाच्या नावावर होते. अनुदान कुणाच्याच नावावर आले नाही.

त्या बिल्ल्याला माझा विरोध नाही. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून केंद्राच्या खर्चाने मिळते, लंपीची लसही फुकट दिली, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या लोकांनी २०२२ च्या त्या पावसाळ्यात गोठ्यागोठ्यातून हिंडून टोचली. ज्याचे श्रेय त्याला द्यावे. पण जून २०२४ पासून बिल्ला नसेल तर बाजारात विक्री नाही, वाहतूक नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाही, असा नियम आला. आजारी जनावराला बिल्ल्यासाठी परत पाठवायचे हा कुठला न्याय? आणि एवढे करून बिल्ला लावला, पावती घेतली, म्हणून रस्त्यात गाडी अडायची थांबते का? तर नाही. कामाचे बैल, पैदाशीची गाय, सगळी कागदे सोबत, तरी गाडी अडवतात, जनावरे उतरवून कुठल्यातरी गोशाळेत नेतात आणि सोडवायला शेतकरी महिनाभर कोर्टात. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजातल्या व्यापाऱ्यांनी या जाचाला कंटाळून जनावरे घ्यायचेच बंद केले. तेव्हा बाजारात म्हशी आणि रेडेसुद्धा पडून राहिले, ज्यांच्यावर कायद्याची बंदी नाही. व्यापारी आपला शत्रू, असे आपल्या मंचावरून पूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे. तो बाजारातून उठून गेल्यावर काय होते ते आता बघितले. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही गत आहे.

आपल्यातल्याच काहींना हा लेख आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. गाय-बैल हा श्रद्धेचा विषय आहे. आपल्याकडे बेंदराला आणि वऱ्हाडात पोळ्याला आपण बैलाला आधी जेवू घालतो, मग आपण जेवतो. माझ्याही घरी तेच आहे. ज्याला बैल मरेपर्यंत सांभाळायचा आहे त्याने सांभाळावा, त्याच्या पाया पडेन. पण ही श्रद्धा राज्याची असेल, तर तिचा खर्चही राज्याने करावा. पुण्य सरकारने घ्यायचे आणि वैरण माणच्या शेतकऱ्याने घालायची, ही वाटणी मला मान्य नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत मी असा ठराव मांडणार आहे. एक तर शेतकऱ्याला आपला बैल विकण्याचा १९७८ ते २०१५ होता तसा अधिकार दाखल्यासह परत द्या. ते करायचे नसेल, तर काम सुटलेला प्रत्येक बैल आणि भाकड गाय सरकारने बाजारभावाने विकत घ्यावी. तेही जमत नसेल, तर गोशाळेला जो पन्नासाचा दर दिला तोच शेतकऱ्याच्या दावणीला द्यावा. बिल्ला आहेच, मोजणी सोपी आहे. नव्या शेळ्या-गाई वाटण्याची मागणी या ठरावात नसावी, असे माझे मत आहे. रस्त्यात गाडी अडवायचा अधिकार कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याशिवाय कुणालाच नाही, हे प्रत्येक ठाण्याच्या फळ्यावर लिहिले जावे, एवढे मात्र त्यात जोडू.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एक यादी आणावी. गावात काम सुटलेले बैल किती, भाकड गाई किती, किती वर्षांपासून दावणीला आहेत आणि मोकाट सोडलेली किती. शेवटचा आकडा लपवू नका. रात्री शेजारच्या गावाच्या शिवारात सोडलेले जनावर त्या गावच्या ज्वारीत शिरते आणि तिथला शेतकरी ते परत आपल्या शिवारात हाकलतो, हे दोन्ही गावांना माहीत आहे. खटावच्या त्या आबांचा बैल मी यादीत पहिला लिहिला आहे. संध्याकाळी ते त्याला घेऊन चालतच परत गेले, कारण टेम्पोवाल्याने न्यायला नकार दिला.